फोटो झकास आले, पण पणजीचे मोजे गेले: जुने फोटो स्कॅन करून देणाऱ्या सर्व्हिसचा अनुभव (अडीच स्टार)

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण रिफंडचं अजून चालू आहे, उगाच त्यात खोडा नको. तसंही इथे अमेरिकेत अशा सर्व्हिस आता ढीगभर झाल्यात, आपण फोटो, स्लाइड्स, जुन्या कॅसेट खोक्यात भरून पाठवायच्या, ते स्कॅन करून लिंक पाठवतात आणि खोकं परत येतं, सगळ्यांची पद्धत साधारण तीच. त्यामुळे कोणाकडेही पाठवणार असाल तरी वाचा, विशेषतः घरात कोणी स्टेजवर काम केलेलं असेल तर.

प्रकरण असं की सासूबाईंनी न्यू जर्सीतलं घर विकायला काढलं आणि माळ्यावरून एक ट्रंक खाली आली. ट्रंक म्हणजे आपली लोखंडी पेटी नव्हे, लाकडी पट्ट्या मारलेली, पत्र्याचे कोपरे असलेली, दोन माणसांना उचलत नाही अशी. ही माझ्या नवऱ्याच्या पणजीची, म्हणजे सासूबाईंच्या आजीची. ती १९१०च्या आसपास स्टेजवर नाचायची. लाकडी तळाचे बूट घालून ठेक्यावर नाचायचं, त्याला बक अँड विंग म्हणायचे, टॅप डान्सचंच आधीचं रूप. घरात लग्न होऊन आल्यापासून मी एकच वाक्य ऐकत आलेय, "आजी वॉडव्हिलमध्ये होती, पॅलेसला खेळली होती." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वॉडव्हिल म्हणजे नाच, गाणी, विनोद असे सुटे अॅक्ट एकामागून एक होणारा तेव्हाचा करमणुकीचा शो, आणि न्यूयॉर्कचं पॅलेस थिएटर म्हणजे वॉडव्हिलवाल्यांची पंढरी. तिथे एकदा नाव लागलं की जन्म सार्थकी.

ट्रंकेत निघालं ते असं: १८६ फोटो, काळ्या कागदाची ६४ पानांची एक स्क्रॅपबुक, दोन करारपत्रं, तुटका आरसा, आणि अगदी तळाला टिशू पेपरात गुंडाळलेल्या टाइट्स. कातडीच्या रंगाच्या, कमरेपर्यंतच्या, लांब मोजेच म्हणा ना. उजव्या गुडघ्यावर रफू केलेलं, रफूचा धागा जरा पिवळट, जुळणारा मिळाला नसावा बहुतेक. मोज्यांचं नंतर सांगते, मुख्य भांडण तेच आहे.

बिल झालं ४१४ डॉलर ९० सेंट. फोटोमागे ६५ सेंट, स्क्रॅपबुकच्या पानामागे दीड डॉलर, सहा फोटो "रिस्टोरेशन अँड कलर" पॅकेजमध्ये टाकले त्याचे प्रत्येकी २९ डॉलर, आणि २४ डॉलर येण्याजाण्याचे. चार आठवडे म्हणाले होते, नऊ लागले.

नऊ का लागले ते ऐका. पाचव्या आठवड्यात ईमेल आला की तुमच्या ऑर्डरमधले चार फोटो "अडल्ट कंटेंट" म्हणून सिस्टीमने थांबवलेत, मालकी आणि वय सिद्ध करणारं डिक्लरेशन भरा. मी हादरलेच, म्हटलं पणजीने असं काय ठेवलंय? उघडून बघते तर चार बायका शिपायाच्या वेशात, डोक्याला पिसाची टोपी, वर घट्ट जाकीट, खाली टाइट्स, तोंडावर शाळेच्या फोटोत असतात तसे भाव. हे अडल्ट! शंभर वर्षांपूर्वी हेच काम कीथच्या, म्हणजे वॉडव्हिलच्या एका मोठ्या साखळीच्या, थिएटरांचे मॅनेजर करायचे, सोमवारचा पहिला शो बघून कोणतं वाक्य काढायचं ते सांगायचे, "स्लॉब" (म्हणजे गबाळा) हा शब्दसुद्धा स्टेजवर चालायचा नाही त्यांच्याकडे. त्या मॅनेजरांचे रिपोर्ट आजही आयोवा विद्यापीठात जपून ठेवलेत, कुठला अॅक्ट किती मिनिटं चालला, टाळ्या किती पडल्या, सगळं टिपलेलं. पण तो मॅनेजर निदान बसून शो तरी बघायचा हो. इथे कॉम्प्युटरने पाय मोजले आणि निकाल दिला.

आता चांगलं काय ते पण सांगते, नाहीतर म्हणाल नुसती कुरकुर. पॅकिंग एक नंबर, एकही कोपरा दुमडला नाही. स्कॅन खरंच धारदार आहेत. एका फोटोत स्टेजच्या कडेला ईझलवर एक पाटी दिसते, नुसत्या डोळ्यांना ठिपका वाटायची, स्कॅन मोठा केला तर त्यावर अॅक्टचा नंबर स्पष्ट वाचता येतो. दुसऱ्या फोटोत ड्रमवाल्याच्या पायाशी एक कुत्रं झोपलेलं निघालं. सासूबाई अर्धा तास त्या कुत्र्यात रमल्या होत्या. एवढ्यासाठी दोन स्टार द्यायलाच हवेत.

मग रिस्टोरेशनचे सहा फोटो उघडले.

पणजीचा सगळ्यात प्रसिद्ध, म्हणजे घरात प्रसिद्ध, फोटो आहे, एक पाय खुर्चीवर, हात कमरेवर. मूळ फोटोत उजव्या गुडघ्यापाशी टाइट्सच्या बारीक चुण्या पडल्यात आणि नीट बघितलं तर रफूची गाठही दिसते. रंगवून आलेल्या फोटोत गुडघा गुळगुळीत. चुण्या नाहीत, रफू नाही, टाइट्सच नाहीत! गुलाबी, चमकदार, उघडे पाय. सॉफ्टवेअरला चुण्या म्हणजे फोटोला पडलेली घडी वाटली असणार आणि कातडीच्या रंगाच्या मोज्यांची सरळ कातडी करून टाकली. सहापैकी पाच फोटोंत हेच.

तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात, पण थांबा, त्या काळात सगळा मामला त्या मोज्यांवरच होता. १८६८ मध्ये लिडिया थॉम्पसन इंग्लंडहून तिच्या गोऱ्यापिंगट केसांच्या बायकांची कंपनी घेऊन न्यूयॉर्कला आली, ग्रीक देवादिकांची टवाळी करणारी यमकबाज नाटकं, आणि पुरुषांच्या भूमिका बायकांनी टाइट्स घालून करायच्या. पाय झाकलेलेच असायचे पण पायांचा आकार दिसतोय म्हणून गावभर बोंबाबोंब. अमेरिकन बर्लेस्कची, म्हणजे नाचगाणं आणि टवाळीच्या अशा जरा चावट शोंची, सुरुवात लोक तिथून धरतात. पुढे कित्येक वर्षं बायका टाइट्समध्येच नाचल्या, काहीजणी तर पोटरी भरीव दिसावी म्हणून आतून पॅड लावलेल्या घालायच्या. तेव्हा त्या बाईच्या अंगावरून मोजे काढून टाकणं म्हणजे नुसती रंगाची चूक नाही, ती काय करत होती आणि काय करत नव्हती तेच बदलून टाकलंत तुम्ही.

सासूबाईंनी फोटो बघितला आणि टॅब्लेट उलटा ठेवला. एवढंच म्हणाल्या, "ही माझी आजी नाही." दिवसभर नीट बोलल्या नाहीत मग.

दुसरी तक्रार मागच्या बाजूची, आणि माझ्या मते ती जास्त मोठी. कंपनीने फोटोची फक्त पुढची बाजू स्कॅन केली. मागची हवी असेल तर फोटोमागे २५ सेंट जास्त, आणि ही गोष्ट वेबसाइटवर कुठे तरी प्रश्नोत्तरांच्या तळाशी आहे, ऑर्डर फॉर्ममध्ये खूणच नाही. मला ते माहीतच नव्हतं. खोकं परत आल्यावर मी आणि मावशी (सासूबाईंच्या थोरल्या बहीण, वय ८५, मी शिकवल्यापासून त्यांना मावशी म्हटलेलंच आवडतं) जेवणाच्या टेबलावर फोटो उलटे करत बसलो. पुढच्या बाजूला पणजी नुसती हसतेय. जे काय आहे ते सगळं मागे! फोटोग्राफरचा शिक्का, शहर, पेन्सिलने लिहिलेल्या उधाऱ्या, "हिचे चार डॉलर बाकी", एका फोटोमागे तर चक्क कपड्यांची यादी. आणि त्या शिपाईवाल्या फोटोमागे, ज्याला अडल्ट म्हणाले होते ना त्याच्याच मागे, शहरांची ओळ. बॉस्टन, प्रॉव्हिडन्स, नेवार्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन, पिट्सबर्ग, प्रत्येकापुढे आठवड्याची तारीख आणि बहुतेक ठिकाणी थिएटरचं नाव एकच, गेइटी, गेइटी, गेइटी. एका ओळीवर दोनदा रेघ मारून "कोलंबिया, ४७वा रस्ता, नोव्हेंबर १९१२".

मला तिथेच शंका आली. वॉडव्हिलमध्ये प्रत्येक अॅक्टचं बुकिंग वेगवेगळं असायचं. या आठवड्यात इकडे, पुढच्या आठवड्यात भलतीकडे, कधी अर्धा आठवडा एका गावात आणि अर्धा दुसऱ्या. पण ही यादी कशी शिस्तीत, एक आठवडा एक शहर. असं बर्लेस्कमध्ये चालायचं. त्याला म्हणायचेच "व्हील", चाक. अख्खी कंपनी, नाच, विनोदवीर, पडदे, सगळं ठरलेल्या क्रमाने शहरामागून शहर फिरायचं, हिच्या मागे पुढची कंपनी, तिच्या मागे आणखी पुढची, ऑगस्टच्या शेवटापासून मेपर्यंत चाक चालू. पूर्वेकडचं मोठं चाक कोलंबियावाल्यांचं. आणि बर्लेस्कच्या थिएटरांना गेइटी नाव इतकं सर्रास होतं की आपल्याकडे गावोगावी विजय टॉकीज असायचं तसं.

खात्री करायला मी व्हरायटीचे जुने अंक काढले. १९०५ला सुरू झालेलं साप्ताहिक, जुने अंक नेटवर फुकट बघायला मिळतात, आणि त्यात बर्लेस्क कंपन्यांचे मार्ग आठवड्यागणिक छापलेले असायचे. न्यूयॉर्क क्लिपर पण आहे, ते तर १८५३पासूनचं, इलिनॉय विद्यापीठाने चढवलंय. करारपत्रावर कंपनीचं नाव होतंच, ते घेऊन बसले, रात्री दीड वाजता तारखा जुळल्या. एक, दोन, सलग सात शहरं. नवरा झोपला होता, त्याला उठवून सांगितलं, "तुझी पणजी बर्लेस्कमध्ये होती." तो म्हणाला, "बरं," आणि कूस बदलून झोपला. या घराण्यात उत्साह असा अजिबात नाही.

आता पॅलेसचं. पॅलेस थिएटर उघडलं २४ मार्च १९१३ला. फोटोमागची तारीख नोव्हेंबर १९१२. म्हणजे पॅलेस तेव्हा उघडलंसुद्धा नव्हतं! पण कोलंबियावाल्यांनी १९१०मध्ये स्वतःचं झकपक थिएटर काढलं होतं ते कुठे, तर त्याच ४७व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, पॅलेसहून रस्ता ओलांडला की समोर. पणजी कधीतरी म्हणाली असेल, "पॅलेसच्या समोर नाचले होते," आणि पुढच्या दोन पिढ्यांत "च्या समोर" गळून पडलं. खोटं कोणीच बोललं नाही, आठवणीने फक्त रस्ता ओलांडला.

हे सासूबाईंना सांगावं की नाही यावर माझं आणि मावशींचं दोन दिवस फोनवर चाललं होतं. आपल्याकडेही नाही का, "आमची आजी संगीत नाटकात होती" हे दहा वेळा सांगतील आणि तमाशाच्या फडाचं नाव निघालं की "चहा घेणार का?". तेच इथे. आणि सासूबाईंचं अगदी चूक होतं असंही नाही. बर्लेस्कच्या शोमध्ये पहिला भाग नाचगाणं आणि विनोद, शेवटी एक प्रहसन, आणि मधे ऑलिओ म्हणून भाग असायचा त्यात वॉडव्हिलसारखेच सुटे अॅक्ट. पणजी तिथेच नाचायची, आणि शेवटच्या प्रहसनात शिपाई. पगार बर्लेस्कचा, अॅक्ट वॉडव्हिलचा. फॅनी ब्राइससारखी मोठी विनोदी नटीसुद्धा बर्लेस्कमधूनच वर आली की. मग एवढी लाज कशाला? तर ती नंतर आली असं मला वाटतं. १९२५-३०नंतर मिन्स्की बंधूंच्या थिएटरांमुळे बर्लेस्क म्हणजे कपडे उतरवणं असा अर्थ पक्का झाला आणि १९३७मध्ये महापौर ला गार्डियांच्या राज्यात न्यूयॉर्कमधल्या बर्लेस्क थिएटरांची लायसन्स गेली, पाटीवर तो शब्दच लावायला बंदी आली. मग न्यूयॉर्कचे शौकीन नदी ओलांडून इकडे युनियन सिटीला यायला लागले, हडसन थिएटरला. पणजी तेव्हा न्यू जर्सीतच, संसारात, चर्चच्या बायकांबरोबर केक भाजतेय. १९१२ला जे काम होतं ते १९३७ला शिवी झालं, मधे तिने काहीच केलं नव्हतं तरी. मग शब्दच बदलला तिने. मी तरी तेच केलं असतं.

मावशींकडून जे निघालं ते कुठल्याही स्कॅनमध्ये येणार नव्हतं. घरात कोणी शीळ घातली की आजी त्याला दाराबाहेर काढायची, तीन वेळा स्वतःभोवती फिरायचं, दार वाजवायचं आणि मगच आत. नाटकवाल्यांची ती जुनी समजूत, ड्रेसिंग रूममध्ये शीळ घालायची नाही. दुसरं म्हणजे स्वयंपाकघराचा ड्रॉवर ती कधीच हाताने लोटायची नाही. कमरेने. आणि ड्रॉवर बंद होताना तोंडाने "डुम्". मावशी सांगता सांगता उठल्या, ८५ वर्षांच्या, वॉकर बाजूला सरकवला, माझ्या किचनचा ड्रॉवर कमरेने बंद केला, डुम्. मला एकदम तो कुत्र्याशेजारचा ड्रमवाला आठवला. स्टेजवर कमरेचा झटका आणि ड्रमचा ठोका एकत्रच पडायचा, ठोका देणारा ५० वर्षांपूर्वी सुटला तरी बाईने ठोका सोडला नव्हता.

करारपत्रांवर जन्मसालं दोन वेगवेगळी आहेत, तेही मावशींना माहीत होतं. न्यूयॉर्कमध्ये १६ वर्षांखालच्या पोरांनी स्टेजवर नाचगाणं करायला बंदी होती, गेरी सोसायटीचे, म्हणजे मुलांना जपणाऱ्या संस्थेचे, लोक पाळतीवर असायचे, म्हणून सगळेच वय वाढवून सांगायचे. पुढे मूकपटांत गाजलेला बस्टर कीटन एवढासा होता तेव्हापासून त्याचे आईवडील त्याला घेऊन याच लोकांना चुकवत फिरायचे.

एक फोटो मात्र असा आहे की त्यावर कोणीच काही बोललं नाही. पणजीच्या शेजारी विनोदी नट, तोंडाला जळक्या बुचाचं काळं फासलेलं. गोऱ्या माणसाने काळ्या माणसाची टिंगल करायची, हे तेव्हा रोजचं होतं, आणि बर्ट विल्यम्ससारख्या असामान्य काळ्या कलाकारालासुद्धा तेच काळं फासून उभं राहावं लागायचं. सासूबाई म्हणाल्या फेकून दे. मी ठेवलाय, मागे तारीख आणि गाव लिहून. पणजीचे मोजे खरे हवेत तर हेही खरं ठेवायला हवं ना.

बाकी तक्रारी पटापट. स्क्रॅपबुकच्या पानांचा क्रम उलटासुलटा, फाइलींना नावं नाहीत, नुसते नंबर. फक्त जेपेग देतात, टिफ हवी तर वेगळे पैसे. दोन कात्रणं दुमडलेली होती ती न उघडताच स्कॅन केली, म्हणजे अर्धी बातमी मिळाली. फोनवरचा मुलगा गोड होता पण त्याच्या हातात काही नव्हतं, दर वेळी "मी वर कळवतो". वर कोण बसलंय देव जाणे.

तर पाठवणार असाल तर पाठवण्याआधी प्रत्येक फोटोची मागची बाजू स्वतः मोबाइलने काढून ठेवा, पेन्सिलचं पुसट असेल तर खिडकीपाशी तिरक्या उजेडात, दिसतं. स्क्रॅपबुक तर पाठवूच नका, तो कागद हात लावला की भुगा होतो, घरीच एकेक पान क्रमाने काढा. रंगबिंग भरून घेऊ नका. आणि घरात ८५च्या पुढचं कोणी असेल तर आधी त्यांच्यापुढे फोटो उलटे मांडून मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा, कंपनीचं खोकं नंतर.

रिफंडची ताजी खबर. मी तीन ईमेल केले, उत्तर आलं की रिस्टोरेशनचा निकाल "कलात्मक" असतो, त्यावर पैसे परत मिळत नाहीत. गेल्या मंगळवारी मावशींनी फोन माझ्या हातातून घेतला, ट्रंकेतल्या टाइट्स मांडीवर पसरल्या, रफूवर बोट ठेवलं आणि त्या गोड मुलाला म्हणाल्या, "माझ्या आजीचे मोजे माझ्या हातात आहेत. तुमच्या फोटोत ते कुठे आहेत?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मॅडम, मी वर कळवतो."